टोक नसलेला चाकू

ती घटना आठवण्यासाठी मला जुने कागद धुंडाळावे लागत नाहीत. आजही कुणी माझ्यासमोर खिशातून चाकू काढला की माझी नजर आधी त्याच्या पात्याच्या टोकाकडे जाते, आणि लगेच धरणाऱ्याच्या बोटांकडे. ही सवय मला कोरेगावच्या एका प्रकरणाने लावली.

महायुद्ध नुकतेच संपले होते आणि मी सातारा जिल्ह्यात फौजदार होतो. पलटणीतून सुटलेले जवान घरी परतत होते. कुणी लोकरीचा कोट आणी, कुणी पत्र्याची पेटी आणी, आणि बहुतेकांच्या खिशात पलटणीचा चाकू असे. काळ्या मुठीचा, एका बाजूला रुंद पाते, दुसऱ्या बाजूला डबा फोडायचे हत्यार आणि पाठीवर जाड लोखंडी टोच्या. गावाकडे त्या चाकूचे मोठे अप्रूप होते.

एका सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना जवळच्या गावच्या पोलीस पाटलाचा माणूस धावत आला. गावातल्या एका शेतकऱ्याला पाटाच्या कडेला चाकू मारला होता. मारणारा म्हणून त्याने शेजारच्या शेतातल्या, पलटणीतून परतलेल्या जवानाचे नाव सांगितले. जखमीचा धाकटा भाऊ त्याला बैलगाडीत घालून कोरेगावच्या दवाखान्याकडे निघाला होता.

मी आधी दवाखाना गाठला. जखमी शुद्धीवर होता. डाव्या अंगाला, खालच्या बरगड्यांपाशी जखम होती. मी विचारले, "कुणी मारलं?" त्याने डोळे मिटून घेतले आणि जवानाचे नाव घेतले. धाकटा भाऊ उशाशी उभा होता. त्याच्या उजव्या हाताला फडके गुंडाळलेले होते. विचारल्यावर म्हणाला, "ऊस तोडताना कोयता लागला, सायेब." ऊसतोडीचे दिवस होते. असे हात त्या भागात घरोघर दिसत.

घटनास्थळाचा पंचनामा करताना पाटाच्या बांधाखाली रक्ताने माखलेला पलटणीचा चाकू मिळाला. मुठीवर जवानाच्या नावाची अक्षरे खिळ्याने कोरलेली होती. त्याच सकाळी पाण्याच्या पाळीवरून त्या दोघांची बाचाबाची झाल्याचे सांगणारे दोन साक्षीदारही मिळाले. जवान सापडला तो कोरेगाव स्टेशनवर, पेटी घेऊन पुण्याच्या गाडीची वाट पाहत. पुण्याला त्याला नोकरी लागली होती आणि त्याच दिवशी त्याला निघायचे होते. बघणाऱ्याला मात्र तो पळून चालला होता असेच वाटले असते.

कोठडीत त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "आमची बाचाबाची झाली, ती मी न्हाई म्हणत न्हाई. पाटाच्या तोंडाशी गवत अडकलं हुतं. त्ये मी चाकूनं कापत हुतो. त्यो वरनं बोलाय लागला. माझं बी डोस्कं फिरलं. चाकू तितंच बांधावर टाकला आन् चालू लागलो. गाडी चुकंल म्हनून मागं फिरलो न्हाई."

माझा हवालदार जुना माणूस होता. त्याने मान हलवली. "सायेब, सगळे असंच सांगत्यात."

वरिष्ठांनाही हे प्रकरण सरळ वाटत होते. जखमी स्वतः नाव घेतो आहे, हत्यार मिळाले आहे, भांडणाला साक्षीदार आहेत. दोषारोपपत्र पाठवा, असा निरोप आला. जवानाची बायको रोज भाकरी घेऊन ठाण्याच्या ओट्यावर बसायची. तिने मला कधी काही विचारले नाही. एकदा फक्त एवढेच म्हणाली, "नोकरीवर जायचा दिस गेला. आता ती जागा ऱ्हातीय का?"

मला खटकत होती ती बंडी. जखमीच्या अंगातली जाड मांजरपाटाची बंडी मी मुद्देमालात घेतली होती. तिच्यावरचे छिद्र अरुंद आणि स्वच्छ होते. डॉक्टरांनीही जखम खुपसल्याची असून अरुंद आणि खोल असल्याचे लिहिले होते. पलटणीच्या चाकूचे पाते मात्र चांगले रुंद होते. मी तो बंडीवर नुसता धरून पाहिला आणि त्याच क्षणी ठरवले की हे कोडे सुटल्याशिवाय कागद पुढे जाणार नाहीत.

सांगलीला एक वकील होते. दुसऱ्या एका खटल्याच्या निमित्ताने माझी त्यांच्याशी ओळख झाली होती. फौजदारी वकिली करता करता त्यांना मिटवायचे चाकू जमवण्याचा नाद लागला होता. सांगली तेव्हा संस्थानात होती. आमचा अंमल तिथे चालत नसे, पण सल्ला घ्यायला कुणाची हरकत नव्हती. मॅजिस्ट्रेटची परवानगी काढून मी मुद्देमाल मोहोरबंद केला आणि हवालदारासह गाडीने सांगलीला गेलो.

वकीलसाहेबांच्या कचेरीत एक मोठे कपाट होते. त्याचे खण ओढले की मखमलीवर चाकूच चाकू. मोहोर मी त्यांच्यासमोर तोडली. त्यांनी पलटणीचा चाकू हातात घेतला, उघडला आणि मला जवळ बोलावले.

"फौजदार, चाकू ओळखायचा तर मूठ शेवटी बघायची. मुठीवर लोकांचा जीव जडतो, शिंगाची आहे की हाडाची आहे म्हणून. आधी पात्याचं टोक बघा. याला टोक आहे?"

मी पाहिले. धार सरळ रेघेसारखी होती आणि पाठ पुढे येऊन धारेला मिळाली होती. टोकाच्या जागी बोथट, उतरता कोपरा होता.

"इंग्रज याला मेंढीच्या खुराचं पातं म्हणतात," ते म्हणाले. "जहाजावरच्या खलाशांनी दोर कापावेत, पण हिंदकळताना शेजाऱ्याच्या अंगात घुसू नये म्हणून हा घाट. कापायला उत्तम. खुपसायला निकामी. जाड मांजरपाटातून हा इतका खोल जायचा नाही आणि गेलाच तर कापड फाटेल, असं छिद्र पडायचं नाही."

मग त्यांनी एकेक खण उघडून दाखवायला सुरुवात केली. बागाईतदाराचा कलम करायचा चाकू, त्याचे पाते चोचीसारखे आत वळलेले. रामपुरी, उघडला की खटका बसतो आणि खटका दाबल्याशिवाय मिटत नाही. बोरूला टोक काढायचा बारीक कलमतराश. बंडीचे छिद्र त्यांनी भिंगाखाली धरले. एका टोकाला ते धारदार चिरले होते, दुसऱ्या टोकाला किंचित बोथट होते. म्हणजे एकाच बाजूला धार असलेले, निमुळते, पातळ पाते; पलटणीच्या चाकूच्या टोच्याने गोल भोक पडले असते.

"रामपुरी?" मी विचारले.

"रामपुरीचं पातं याहून रुंद. हा लहान चाकू आहे, कलमतराशाच्या घाटाचा. आणि तसा असेल तर त्याला खटका नाही. नुसत्या पाठीच्या पट्टीच्या ताणावर पातं उभं राहतं." ते थांबले आणि माझ्याकडे रोखून पाहू लागले. "खटका नाही याचा अर्थ तुमच्या ध्यानात आला का?"

त्यांनी परसातून केळीचा सोललेला खुंट आणवला आणि त्यात मध्ये एक लाकडी पट्टी खोवली. आपल्या संग्रहातला एक तसाच लहान चाकू उघडून मुठीत धरला. बोटे जिथे येतात तिथे मात्र त्यांनी पेन्सिल धरली, आणि जोराने खुंटात खुपसला. पाते आत गेले, पट्टीला अडकले आणि हात पुढे रेटला जाताच चाकू मिटला. पेन्सिलीचे दोन तुकडे झाले.

"बरगडीला लागलं की हेच होतं," ते म्हणाले. "ज्याने हा वार केला त्याची बोटं शाबूत नाहीत."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे. आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच हात आला होता, फडके गुंडाळलेला.

परतीच्या गाडीत कराड येईपर्यंत हवालदार आपली मूठ मिटून उघडून पाहत होता. मग म्हणाला, "सायेब, त्यानंच तर गाडी जुपून आनला हुता भावाला. बैलं नुसती पळवलीत म्हनं. मारनारा असं करंल व्हय?"

"मारणाराही भाऊच असतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला चौकशीला बोलावले. मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. माझा अनुभव असा आहे की ओरडल्यावर माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस मनाला येईल ते कबूल करतो. डॉक्टर आणि पंचांसमक्ष फडके सोडले. उजव्या हाताच्या चारही बोटांवर आतल्या अंगाने एका रेषेत चिरा होत्या.

"कोयता कोणत्या हातात धरतोस?"

"उजव्या."

"आणि ऊस?"

"डाव्या."

"मग कोयत्यानं उजव्या हाताची बोटं आतून कशी चिरली?"

मी वकीलसाहेबांकडून मागून आणलेला लहान चाकू उघडला, त्याच्या मुठीवर पेन्सिल धरली आणि पाते तिच्यावर मिटवले. तो त्या पेन्सिलीकडे पाहत राहिला. मग आपला हात उलटा करून मांडीवर ठेवला आणि रडू लागला.

"त्यानं तीन बैलांतला माझा बैल इकला, सायेब. मला न इचारता इकला. वासरू असल्यापास्नं मी वाढवला हुता. शेतावर गेलो तर खुट्याला नुसतं दावं. खुरातला काटा काढायचा चाकू हातात हुता. दादा म्हनला, मारका झालाय, पोरीला शिंग लावलं, आता घरात नगं. त्याचं बी खोटं न्हवतं. पर माझ्या हातनं झालं. कवा झालं त्ये कळलंच न्हाई. बांधावर त्या जवानाचा चाकू पडला हुता, दादा त्याच्यावरच कोसळला, त्याला रगात लागलं आन् त्यो खाली घसरला."

चाकू त्याने स्वतः पंचांसमोर गोठ्याच्या कुडातून काढून दिला. हाडाच्या मुठीचा, पातळ, टोकदार पात्याचा, खटका नसलेला. पाठीच्या पट्टीत वाळलेले रक्त होते.

खरी अडचण यापुढे होती. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. थोरल्याने आपला जबाब बदलला नाही तर जवान सुटणार नव्हता. मी दवाखान्यात गेलो. थोरला आता उठून बसत होता. मी त्याच्या खाटेवर धाकट्याचा चाकू ठेवला. त्याने तो लगेच ओळखला.

"सायेब, आई गेली तवा ह्यो रांगत हुता," तो म्हणाला. "माझ्या बायकूनं त्याला ल्हानाचं मोठं केलं. त्यानं मला मारलं न्हाई. त्यानं मारलं असं मी सांगनार न्हाई."

"मग दुसऱ्याच्या भावाला आत बसवणार?"

"तुमी त्याला सोडा की. साक्षी न्हाई म्हनून सोडा. आमचं आमी बगून घेतो."

"तुम्ही त्याचं नाव घेतलंत. ते नाव माझ्या कागदावर आहे. आता ते पुसायचा अधिकार मला नाही, तुम्हालाच आहे."

मी ठाण्याच्या ओट्यावर बसणाऱ्या त्या बाईविषयी त्याला सांगितले. ती त्याच्याच शेजारची होती. तिच्या लग्नाला तो गेला होता. शेवटी त्याने विचारले, "धाकट्याला किती दिस आत ठेवतील?"

"रागाच्या भरात झालं, तुम्ही जगलात, त्यानंच तुम्हाला इथं आणलं. हे सगळं तुम्हीच कोर्टात सांगायचं. तुमच्याइतकं चांगलं दुसरं कुणी सांगू शकणार नाही."

"मी सांगू? त्याच्या इरुद्ध बी आन् त्याच्या बाजूनं बी?"

"दोन्ही खरं आहे ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली. मॅजिस्ट्रेटना दवाखान्यात बोलावून त्याचा जबाब नोंदवला. जवान सुटला. पुण्याला मी स्वतः पत्र लिहून झाला प्रकार कळवला आणि त्याची नोकरी राहिली. जाताना त्याने मला सलाम केला, पलटणीच्या शिस्तीत, आणि बायकोची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालू लागला.

खटल्यात थोरल्याने जशी साक्ष दिली तशी मी नोकरीत पुन्हा ऐकली नाही. वार कसा झाला ते त्याने काही न लपवता सांगितले आणि त्यानंतर भावाने बैल कसे पळवले, वाटेत डोके मांडीवर घेऊन पाणी कसे पाजले, तेही सांगितले. न्यायाधीशांनी कमी शिक्षा दिली.

चाकू जमवणारे लोक आता माझ्याकडेही येतात. मी त्यांना वकीलसाहेबांनी शिकवलेलेच सांगतो. टोक बघा, पाठीची पट्टी बघा, खटका आहे का बघा, मग मूठ. प्रत्येक घाट एका कामासाठी घडलेला असतो आणि तो ते काम सोडून दुसरे करायला गेला की खूण ठेवतो. तपासात ही दृष्टी मला पुढे अनेकदा उपयोगी पडली. साक्षीदार माया, भीती किंवा वैर यांपायी खोटे बोलतो. वस्तूला यातले काही नसते.

पण त्या प्रकरणाने मला याहून मोठी गोष्ट शिकवली. गुन्हेगार सापडला की काम संपले असे मी तोवर समजत होतो. पुष्कळ वर्षांनी कराडला एका खानावळीत ते दोघे भाऊ मला दिसले. एकाच ताटलीतून भजी खात होते. धाकट्याने मला ओळखले. त्याचा चेहरा क्षणभर उतरला. थोरल्याने मात्र बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाला, "बसा, सायेब. च्या घ्या." मी बसलो. त्या दिवसाचा विषय कुणीच काढला नाही. ऊस यंदा कसा आहे, एवढेच बोललो. चहा संपल्यावर उठताना माझ्या मनात आले, कोर्टाचा निकाल आम्ही मिळवला होता, पण हे एका बाकावर बसणे त्या थोरल्याने एकट्याने कमावले होते.