सुमनताईंची खुर्ची

त्या गुरुवारची गोष्ट आमच्या मंडळीत सगळे सांगतात, अगदी रंगवून सांगतात. पण तिच्यातला एक तुकडा मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही — बायकोला नाही, पाळकसाहेबांनाही नाही. तुम्हाला सांगतो. आधी चांगलं तेवढं सांगून घेऊ द्या, कारण ते फारच चांगलं होतं.

पेणला रामवाडीत आमची छोटीशी ख्रिस्ती मंडळी भरते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या गुरुवारी आम्हीही पाय धुतो. त्या वर्षी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, ठरवलं — पाय धुवायचे ते आजाऱ्यांचं करणाऱ्यांचे. गावोगावच्या आशाताई, नर्सबाई, दवाखान्यातल्या आया. नावं ठिकठिकाणच्या लोकांकडून मागवली. धर्म कुठलाही असो. शाल-श्रीफळ नाही, भाषण नाही. पाय धुवायचे आणि पोटभर जेवायला वाढायचं. पाय धुणार कोण? मंडळीने कारभारी म्हणून निवडलेले, ज्यांना आमच्यात 'वडील' म्हणतात, ते आम्ही चौघे.

आता मी वडील कसा झालो — इथे जीभ अडखळते.

पूर्वी मी रोह्याजवळ वरसे गावात राहायचो, कंपनीत शिफ्टला जायचो. लग्न व्हायचं होतं. घरात आई, सात महिने अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा झाल्या होत्या, वास यायचा. मला तो सोसवायचा नाही. गावच्या आशाताई, सुमनताई, सकाळ-संध्याकाळ यायच्या. ते त्यांचं काम होतं का? मुळीच नाही. तरी आईला पुसायच्या, जखमा धुवायच्या, कूस बदलायच्या, भरवायच्या. आणि मी? ओट्यावर पेपर उघडून बसायचो. आतून आईने हाक मारली की पान उलटायचो — जरा मोठ्याने.

आई गेली आणि मी पेणला राहायला आलो. आमच्यात उपासनेच्या वेळी उभं राहून, देवाने आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायची रीत आहे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आईचं सगळं मी या हातांनी केलं. प्रभूने बळ दिलं." बायका डोळे पुसू लागल्या. खोटं बोलायचं ठरवून उठलो होतो का? नाही. पण खाली बसलो तो ताठ मानेने बसलो. वर्षभरात वडील झालो. म्हाताऱ्यांची सेवा कशी करावी, यावर तरुणांपुढे दोनदा बोललो. दोनदा!

तर तो गुरुवार. बाहेर वालाचं बिरडं रटरटत होतं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या. आत बारा खुर्च्या मांडलेल्या. कासू गावच्या आशाताईंनी येताना सोबतीला एक मैत्रीण आणली होती. सुमनताई! त्या मागे भिंतीशी बसल्या आणि मी तिकडे पाठ केली. एका नर्सबाईंना ऐनवेळी ड्यूटी लागली होती, त्यामुळे नेमकी पहिली खुर्ची रिकामी. पाळकसाहेबांच्या पत्नीने, पाळकबाईंनी, सुमनताईंना हात धरून उठवलं.

"नाय ओ बाई, माझे पाय नको. धुळीने भरलेत."

तरी बसवलंच. समोर परात घेऊन मी.

एक पाय धुऊन झाला, तशा पाळकबाई कौतुकाने म्हणाल्या, "या आमच्या वडिलांनी आईचं सगळं स्वतः केलं, बरं का!"

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय?" एवढंच.

मी उठलो. पंचा हातात तसाच. म्हणालो, "मी काही केलं नाही. सगळं या बाईंनी केलं." — आणि टाळ्या पडल्या! लोकांना वाटलं, काय ही नम्रता! एक आजोबा तर "हालेलूया" म्हणाले.

"नीट सांगा, दादा," सुमनताई म्हणाल्या. "त्यांना कळलं नाय."

मग नीट सांगितलं. वास, पेपर, हाका, खोटी साक्ष. या वेळी टाळी वाजली नाही. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "दुसरा पाय राहिलाय." मी खाली बसलो, धुतला, पुसला. मान वर केली तर अख्खी मंडळी उभी राहिलेली — माझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी. गाणं सुरू झालं, छपराचे पत्रे दणाणले. सुमनताई त्या खुर्चीत अशा बसल्या होत्या की काय सांगू! "म्हातारीला बरं वाटलं असंल आता," म्हणाल्या. त्यांच्या पानात भाकऱ्या मी वाढल्या. आयुष्यात एवढा उघडा पडलो नव्हतो, आणि एवढा आनंदही कधी झाला नव्हता.

वडीलपद मी सोडलं. सुमनताईंना आता दरवर्षी पहिला मान असतो. आणि लोक अजून सांगतात, "बघा, यादीत नाव नसताना प्रभूने त्या बाईंना कासूवाल्या बाईंसोबत आणलं!" मी मान डोलावतो.

नाव होतं. रोह्याच्या लोकांनी कळवलेल्या नावांत अगदी वर सुमनताईंचंच नाव होतं. पक्की यादी करायचं काम माझ्याकडे होतं — आणि ते नाव मी गाळलं. चुकून नाही. दोनदा वाचून, विचार करून गाळलं. बाई आल्या त्या माझ्या नाकावर टिच्चून आल्या.