तिसऱ्या हाकेआधी गेलेली बोट

तुमच्या सदरात लोक जे लिहितात ते मी वाचतो आणि बहुतेक वेळा हसून बाजूला ठेवतो. पिंपळावर दिवा दिसला, मागून पैंजण वाजले... माणूस घाबरला की त्याला काहीही दिसतं, एवढंच माझं मत. अठरा वर्षं मिलिटरीत काढली, स्मशानाशेजारी तंबू ठोकून झोपलो, कधी कुणी पायाचा अंगठासुद्धा ओढला नाही. तरी आज लिहायला बसलोय, कारण वय बासष्ट झालं आणि ही गोष्ट माहीत असलेला मी एकटाच उरलोय. पटलं तर छापा, नाही तर हसून सोडून द्या. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं.

आमचं गाव कृष्णेच्या काठी, भिलवडी स्टेशनपासून दीड कोसावर. आता सांगली जिल्हा म्हणतात, तेव्हा सातारा होता. घरात आई, मी आणि धाकटा सदा. वडील आम्ही लहान असतानाच गेले. आईची शिस्त कडक, आणि तिचा एक नियम होता – हाक मारणारा डोळ्यांना दिसत नसेल तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. नदीवर, मळ्यात, कुठंही. ती म्हणायची, "पैल्या हाकेला कोन बी आसतंय. तिसऱ्या हाकेला आपलंच मानूस आसतंय." आमच्या भागात बऱ्याच घरांत हे पाळायचे. माझा त्यावर विश्वास वगैरे नव्हता, पण जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवावं तशी ती सवय अंगात मुरली होती. सदा मात्र पहिल्या हाकेलाच "ओ" करून पळत सुटायचा आणि मग आईच्या शिव्या खायचा.

लढाई सुरू झाली आणि गावातली निम्मी माणसं भरती झाली. मी फौजेत गेलो. सदा म्हणजे भर पुरात कृष्णा पोहून जाणारा, त्याला पाणीच हवं होतं. तो आईला न सांगता मुंबईला गेला आणि नेव्हीत लागला, स्टोकर म्हणून, म्हणजे बोटीच्या बॉयलरवर. थोरला असून मी त्याला अडवलं नाही म्हणून आईने माझ्याशी अबोला धरला. रजा संपवून मी निघालो तेव्हा एवढंच म्हणाली, "आप्पा, पान्यात गेलाय त्यो. ध्यान ठिव." मी ठेवीन म्हणालो. जमिनीवरचा शिपाई समुद्रातल्या भावावर काय डोंबलाचं ध्यान ठेवणार... पण म्हणालो खरा.

चव्वेचाळीस सालच्या थंडीत माझी ड्युटी कलकत्त्याच्या खाली, हुगळी नदीच्या काठावर लागली. कलकत्त्याला बोटी समुद्रातून नदीत शिरून वर येतात. आमची चौकी म्हणजे बांबूंचा एक मचाण, दुर्बीण, टेलिफोन आणि लॉगबुक. लढाऊ बोट आली की धुराडी किती, डोलकाठ्या किती, तोफा कुठे, कुशीवर नंबर काय, वेळ काय, सगळं लिहायचं आणि ऑफिसला फोन करायचा. आपल्या, इंग्रजांच्या, अमेरिकेच्या – पाहुण्या बोटींचा रतीबच असायचा. माझ्या जोडीला जतचा मल्लाप्पा होता. घरी कानडी बोलणारा, पण मराठी आपल्यासारखंच. बोट पुढे गेली की थोड्या वेळाने तिची लाट काठाला यायची आणि खाली बांधलेली आमची होडी मचाणाच्या खांबावर धडकायची. मल्लाप्पा म्हणायचा, "ठोकली बघ. आता एंट्री पक्की."

नोव्हेंबरात एका दुपारी एक लहानशी बोट वर आली. एक धुराडं, दोन डोलकाठ्या. मी नंबर लिहीत असतानाच पाण्यावरून हाक आली, "आप्पा... ये आप्पा!" आवाज सदासारखा, पण कठड्याला वीस-पंचवीस खलाशी उभे, सगळे सारखेच दिसणारे. मी थांबलो. दुसरी हाक आली. तिसरीला मी जोरात "ओ" दिली, तोवर बोट वळणाआड गेली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून त्याला गोदीत गाठला. आई मास्तरांकडून पत्रं लिहून घ्यायची. मी कलकत्त्याला नदीकाठच्या चौकीवर आहे हे तिने त्याला कळवलं होतं, आणि ते सेन्सॉरच्या हातून कसं निसटलं कोण जाणे. नदीच्या तोंडापासून दिसेल त्या चौकीला हा पठ्ठ्या माझ्या नावाने हाका मारत आला होता. मी घरची शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती आम्ही पावाबरोबर खाल्ली.

"आप्पा, लय येडा हाईस बग तू," तो म्हणाला. "आरं, तीन हाका मारंस्तवर बोट म्होरं जाती. ती काय तुज्यासाटनं थांबती व्हय?"

"आईनं शिकवलंय न्हवं."

"आईची नदी येगळी, ही येगळी. फुडच्या बारीला पैल्या हाकेला ओ दे. आईला न्हाई सांगत मी."

मी त्याच्या हातावर हात मारून शब्द दिला. तो हसत होता. नखांत कोळसा भरलेला, अंगाने वाळलेला, पण हसत होता.

त्यानंतर महिनाभराने, एका गुरुवारी सकाळी, सातच्या सुमारास... नदीवर दाट धुकं होतं. आमचा चहा नुकता झालेला. खालच्या अंगाने एक बोट वर येताना दिसली. एक धुराडं, दोन डोलकाठ्या. दुर्बीण लावली आणि नंबर वाचला – तो इथे लिहीत नाही – तीच बोट. मला आनंद झाला, पण लगेच काहीतरी खटकलं. ओहोटी लागलेली होती. एरवी बोटी भरतीबरोबर वर यायच्या. ही उतरत्या पाण्याच्या विरुद्ध सावकाश चालली होती, धूर निघत होता आणि इंजिनाचा आवाज मात्र अजिबात नव्हता. कठड्याला एकही माणूस नव्हता.

"आप्पा..."

मी ओ द्यायला तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. शब्द दिलेला मला आठवत होता. पण मल्लाप्पाने माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाला, "थांब. एकच झाली."

त्याच्याही घरी तोच नियम. आमच्या जागी दुसऱ्या मुलखाचा कुणी असता तर ओ देऊन मोकळा झाला असता. आम्ही दोघं मोठी माणसं, अंगावर सरकारी खाकी, आणि हाका मोजत उभे राहिलो.

"ये आप्पा..."

ही दुसरी. आवाजात घाई नव्हती, खूप दमल्यासारखा होता. मी तिसरीची वाट बघत राहिलो. बोट धुक्यात गेली. तिसरी हाक आलीच नाही.

मग लाटेची वाट बघितली. बराच वेळ झाला तरी होडी हलली नाही. मल्लाप्पा वाकून होडीकडे बघत राहिला. मी एंट्री लिहिली आणि फोन केला. संध्याकाळी ऑफिसर आला आणि मला फैलावर घेतलं. अशी कुठलीच बोट आलेली नव्हती. आमच्या खालच्या चौकीने पाहिली नाही, वरच्या चौकीने पाहिली नाही, गोदीत कुणी बांधली नाही. त्याने लाल पेन्सिलने माझी ओळ खोडली. मल्लाप्पाने सांगितलं, मीही बघितली. मग दोघांनाही चार दिवस जादा ड्युटी मिळाली.

दहा-बारा दिवसांनी घरून मास्तरांच्या अक्षरात पत्र आलं. सदाची बोट सुरुंगावर जाऊन बुडाली, कुणी वाचलं नाही, तार आली आहे. तारेत दिवस दिला होता – आम्ही ती बोट पाहिली त्याच्या आधीचा सोमवार.

रजा मिळाली. भिलवडीला उतरून चालत घरी गेलो. आई चुलीपुढे बसली होती. रडली नाही. मी बॅग खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, "तिकडं तुज्याकडं आला व्हता का रं त्यो?"

मी बॅग ठेवून तिच्याशेजारी टेकलो. मग तीच सांगायला लागली. मार्गशीर्षातला गुरुवार, तिचा उपास. सकाळी पाण्याला नदीवर गेली. कृष्णेवर धुकं होतं. "मधोमध मोटं काळं कायतरी वर चाललं व्हतं. मला वाटलं धुकंच दाट झालंय. पर त्यातनं धूर निगत व्हता."

आमच्या गावाजवळ कृष्णेत उन्हाळ्यात गुडघाभर आणि थंडीत छातीभर पाणी. तिथे होडीशिवाय काही चालत नाही, आणि आईने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. बोटीचं चित्रसुद्धा नाही. मी वेड्यासारखा तिला ड्युटीवरचे प्रश्न विचारायला लागलो.

"धुराडी किती व्हती?"

"येकच."

"आन उब्या काठ्या?"

"दोन. येक म्होरं, येक मागं. आन कुशीला पांढरं कायतरी काडलं व्हतं." आईला अक्षरओळख नव्हती. तिने चुलीपुढची राख तळव्याने सपाट केली आणि बोटाने सावकाश आकार काढले. लॉगबुकात लाल पेन्सिलीखाली गेलेला माझा नंबर राखेत उमटला.

"पानी हाललं का ग आई?"

"न्हाई. घागर काटालाच व्हती. तिला पानी सुदिक लागलं न्हाई."

पुढचं विचारायची माझी हिंमत नव्हती. तिनेच सांगितलं. "ये आई म्हनून दोनदा हाक मारली त्यानं. मी वळाकला आवाज. पोटच्या पोराचा आवाज वळाकला, आन तिसऱ्या हाकेची वाट बगत हुबी राहिले." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू दिलीस का रं ओ?"

खोटं बोललो असतो तर तिला बरं वाटलं असतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी नुसती नकाराची मान हलवली. मग ती रडली. मीही रडलो.

एक बोट एकाच सकाळी हुगळीत आणि कृष्णेत कशी चालली, तीही बुडाल्यावर तीन दिवसांनी... चाळीस वर्षं विचार करतोय. धुकं, मनाचे खेळ, योगायोग, सगळं स्वतःला सांगून बघितलं. राखेतल्या नंबरापाशी येऊन गाडी अडते. मल्लाप्पा होता तोवर त्याला विचारायचो. तो म्हणायचा, "मी मनगट धरलं नसतं तर?"

आई पुढे वीस वर्षं जगली. त्या दिवसापासून ती पहिल्या हाकेला ओ द्यायला लागली. शेजारी कुणी आपल्या आईला हाक मारली तरी ही आमच्या घरातून "ओ" म्हणायची. लोक आधी हसायचे, नंतर सवय झाली. आता आमच्या घरात सगळेच पहिल्या हाकेला ओ देतात, माणूस दिसो न दिसो. नातवंडांना वाटतं, ही आजोबांची मिलिटरीची शिस्त आहे. मी त्यांना तसंच वाटू दिलंय.