स्टोअरचे बूट

शशी, मी ग्वाल्हेर सोडलं त्या दुपारी तू फलाटावर होतीस. तुला आठवत असेल, आई रडत होती आणि आबा माझ्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे बघत होते. पायात त्यांचेच फौजी बूट होते. पडाव मोहल्ल्यातल्या मोच्याकडून त्यांना नवे तळवे लावून घेतले होते आणि मोची चामडं बदलेल म्हणून आबा सकाळभर त्याच्यासमोर बसून राहिले होते. गाडी सुटताना एवढंच म्हणाले, "गाडीत झोपताना काढू नकोस. आणि तिथे फुकट काही देतील, ते पायात घालू नकोस."

आबा आधी असे नव्हते. संस्थानाच्या पलटणीत ते हवालदार होते. संस्थान विलीन झालं, पलटणी नव्या फौजेत मिसळल्या, कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं याच्या याद्या झाल्या. आबांच्या इंग्रजी कागदावर लिहिलं होतं, 'पायाने अयोग्य'. जो माणूस मुरारच्या छावणीपर्यंत कूच करून परत यायचा, त्याला! ते कळलं तेव्हा सही करून झाली होती. त्यानंतर कुठल्याही कागदावर, शिक्क्यावर, सरकारी वस्तूवर त्यांचा भरोसा उरला नाही. पुढे राजधानी भोपाळला गेली, खासगी बाजार मोहल्ल्यातले सरकारी कारकून सामान बांधू लागले, आणि इथे काम मिळेना म्हणून मीही निघालो. आबांचा संशय माझ्याबरोबर आला.

पूर्वेकडे लोखंडाचा एक नवा कारखाना उभा राहत होता. स्टोअरकीपर होते चोप्राजी, फाळणीत लाहोरकडून आलेले. बूट मागायला सकाळी गेलो तर म्हणाले, "शाम को आना. सुबह का पाँव झूठ बोलता है." संध्याकाळी पाय फुगलेला असतो, बुटाचं माप तेव्हाच घ्यायचं, हे मला कुठे ठाऊक! मला वाटलं, तोवर चांगले जोड आपल्या माणसांना वाटून टाकेल. संध्याकाळी त्यांनी मला जाड मोजे घालायला लावले, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवली, टाच उचलते का ते पाहिलं, चालवून पाहिलं. लहान नंबर संपले म्हणून मोठा गळ्यात मारतोय, असं मी मनात म्हटलं. पुढच्या बाजूला आत लोखंडाची टोपी होती. ठोकून पाहिली तर आवाज पोकळ आला. ठेकेदाराने पत्रा भरला असणार! सही केली, बूट खाटेखाली सरकवले आणि आबांचेच घालून कामावर जात राहिलो. मुकादमाला पायात काहीतरी काळं दिसलं की पुरे होतं.

तिसऱ्या महिन्यात रुळाचा तुकडा उतरवताना दोर सुटला. बूट फाटला नाही, शशी. आबांचं चामडं शाबूत राहिलं, आतली दोन बोटं गेली. तुम्हाला मी 'किरकोळ मार' असं कळवलं होतं.

दवाखान्यात चोप्राजी आले. हातात इंग्रजी कागद. "साइन कर दे."

मी हात पांघरुणात घेतला. बूट दिले होते, याने घातले नाहीत, एवढं लिहून हा सुटणार आणि माझी नोकरी जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. शेजारच्या खाटेवरच्या बंगाली फिटरला मी तो कागद तीनदा वाचायला लावला. कागदात लिहिलं होतं की, या कामगाराच्या मापाचे बूट स्टोअरमध्ये नव्हते, चूक स्टोअरकीपरची.

"ये तो झूठ है," मी म्हणालो.

"हाँ. नौकरी गई तो कहाँ जाएगा? मैं एक बार उजड़ चुका हूँ. तू मत उजड़."

मी सही केली. लाज वाटली, तरी केली. माझ्या खोलीतल्या खाटेखालचे बूट त्यांनी गुपचूप परत नेले आणि स्टोअरच्या वहीतली माझी सही खोडली. त्यांची बढती मात्र अडली ती अडलीच.

दिवाळीला घरी आलो. लंगडणं लपवत जिना चढलो, पण आबांनी पायच पाहिले. सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "कागद इंग्रजीत होता?"

"हो."

"आणि तुझ्या बाजूने होता?"

"हो, आबा."

ते उठून आतल्या खोलीत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यानंतर त्यांची पत्रं माझ्या क्वार्टरवर येईनाशी झाली. तिथला पोस्टमन पत्रं फोडतो, असा त्यांचा संशय होता. पाकिटावर ठळक अक्षरात असायचं, 'चोप्राजी, यांचे घरी'. पत्र घ्यायला मी जायचो, चोप्राजींच्या पत्नी, भाभीजी, जेवायला थांबवायच्या, तिथेच चटईवर बसून मी ग्वाल्हेरची खबर वाचायचो.

तू आता ग्वाल्हेरातच सिटी सेंटरला राहतेस, नातवंडं तुझ्याशी हिंदीतच बोलतात, आणि फोनवर दर वेळी म्हणतेस, "दादा, आता तरी घरी परत ये ना." आपल्यातले जे जे बाहेर पडले, त्या सगळ्यांना हे कुणीतरी म्हणतंच.

आबा गेल्याची तार त्याच पत्त्यावर आली होती. चोप्राजी ती घेऊन कारखान्यात मी काम करत होतो तिथवर चालत आले आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसले. मला गाडीत बसवून देताना खिडकीशी म्हणाले, "सब निपटाके घर आ जाना." कुठलं घर, हे मी विचारलं नाही. तेरावं झालं, तुम्हा सगळ्यांना भेटलो आणि पुन्हा गाडी धरून मी घरी आलो.