पळसपापडीचा उलटा निकाल

मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं आणि मी खुर्चीवरून उठलोच. निळ्या शिंगांच्या बकऱ्यांच्या लेंड्यांत जंतांची अंडी गच्च! बिनरंगाच्यांच्या लेंड्यांत मात्र शोधूनही सापडेनात. नेमकं उलटं!

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. चंद्रपूर जिल्ह्यात, सावली गावाकडच्या धानपट्ट्यात मी गुरांचा डॉक्टर होतो. त्या पावसाळ्यात बकऱ्यांना जंत झाले. हे जंत पोटात बसून रक्त पितात. जबड्याखाली पाणी उतरतं, बकरी वाळत जाते. दवाखान्यातला औषधाचा स्टॉक संपलेला. गावातल्या सगुणाबाईंच्या दोन बकऱ्या मेल्या. उरलेल्या बारांवरच त्यांचं घर चाले. जंतांवर गावात पळसपापडी, म्हणजे पळसाचं बी देतात, हे ऐकून होतो. म्हटलं, ट्रायल घेऊ. त्यांच्या सहा बकऱ्यांची शिंगं निळी रंगवून त्यांना मी केलेल्या पळसपापडीच्या पुड्या सुरू केल्या. बाकीच्या सहा ‘कंट्रोल’, म्हणजे तुलनेसाठी बिनऔषधाच्या.

चंद्रपूरहून आलेले साहेब रिपोर्ट वाचून खो खो हसले.

"औषध न दिलेल्या बऱ्या झाल्या? बंद करा हे."

"साहेब, एक आठवडा द्या."

सायकल काढली आणि थेट सगुणाबाईंचं अंगण गाठलं.

"बाई, बिनरंगाच्या बकऱ्यांना काही दिलंत?"

"मंग? सहाइले दवा अन् सहाइले नाई, काऊन? त्या का सावत्र हायेत?"

"काय दिलं?"

"पळसपापडीच. निळ्याइले तुमची दवा चालू होती, म्हून त्याइले नाई देल्ली. पन तुमच्या पुडीत तं टरफलच जास्त, डाक्टर सायेब! शेंग फेकाची असते. आतलं बी भिजवाचं, साल काढाची, वाटून ताकात पाजाचं."

मी आख्ख्या शेंगा कुटल्या होत्या! आणि वर ती पूड काट्यावर नीट तोलली होती. एका शेंगेत बी एकच. लाज वाटली, पण आनंद त्याहून मोठा होता. औषध खरं होतं!

"बाई, मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगनार होती. तुमी लिहूनच राह्यले होते."

त्याच दिवशी निळ्या शिंगांच्या सहांना त्यांच्या हातचं औषध सुरू झालं. आठवड्यानं स्लाइड पाहिली. अंडी अगदी तुरळक! मी एवढ्यानं ओरडलो की कंपाउंडर धावत आला. बाराही बकऱ्या वाचल्या.

साहेबांनी नवा रिपोर्ट दोनदा वाचला.

"यात कंट्रोल कुठे आहे?"

"सगुणाबाईंच्या गोठ्यात तो टिकत नाही, साहेब."

तेव्हापासून एक नियम पाळतो. गावठी औषध काट्यावर ठेवण्याआधी ते सोलतात कसं, हे विचारायचं.