हात मागे बांधून

आमच्या खात्यात बाईंना त्यांच्या मागे सगळे 'ओला ब्रश' म्हणायचे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाईंचं काम आधारघरं तपासायचं. आधारघर म्हणजे साधंच राहतं घर. एकट्यानं राहणं न जमणारी तीन-चार अपंग माणसं त्यात राहतात आणि त्यांच्या मदतीला दिवसरात्र एखादी बाई किंवा बुवा असतो. घर बरं चाललंय की नाही, हे ठरवायला खात्यानं बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म काढला होता. बाई मात्र फॉर्म पिशवीतून काढायच्या आधी थेट बाथरूममध्ये जायच्या आणि दात घासायच्या ब्रशांवरून बोट फिरवायच्या. सकाळी नऊ वाजता ब्रश कोरडे असले, तर भिंतीवरचं वेळापत्रक काहीही सांगो, बाईंचं मत झालेलं असायचं.

ही खोड कुठून लागली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत. त्यांचा धाकटा भाऊ बोलत नव्हता, चालत नव्हता. त्याला एका मोठ्या संस्थेत ठेवलं होतं. फरशा इतक्या चकाचक की तोंड दिसावं. भाऊ गेल्यावर त्याचं सामान घरी आलं, त्यात बाईंनीच चार वर्षांपूर्वी नेऊन दिलेला ब्रश होता. त्याचा एक केसही वाकला नव्हता. एवढं सांगून त्यांनी डबा उघडला आणि मला लोणचं हवंय का, विचारलं.

मी त्याच खात्यात फॉर्म कॉम्प्युटरमध्ये भरणारा कारकून. बावीस वर्षांत शेकडो घरं भरली, पण उंबरठा एकाचाही ओलांडला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाटतही नव्हतं. बाईंचा राग यायचा तो वेगळ्याच कारणानं. त्या समासात लिहायच्या. फॉर्मला समास असतो, कॉम्प्युटरला नसतो.

"बाई, हे कुठे भरू मी? माझ्या डोक्यावर?"

"शोधा हो जागा. माणसं काय तुमच्या चौकोनात राहतात?"

"माणसं नसतील राहत, पण मार्क तिथेच राहतात."

असं आमचं वर्षानुवर्षं चालायचं. समासातलं मी सरळ सोडून द्यायचो. बाईंना ते माहीत होतं, तरी लिहिणं सोडत नव्हत्या. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत.

एके दिवशी मात्र त्या एका आधारघरातून आल्या त्या तोंडभर हसतच. माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि बसकण मारली. बाई कधी कुणासमोर बसत नसत. म्हणाल्या, "आज मला एकानं चहा करून पाजला."

तो एक म्हणजे दादा. वय पन्नाशीचं, घरातल्या चौघांत सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे दादा. आधी तीस वर्षं अशाच एका मोठ्या संस्थेत काढलेली. तिथे भाजेल म्हणून चहा कोमट करूनच द्यायचे. म्हणजे तीस वर्षं या माणसानं गरम चहा प्यायला नव्हता. आधारघरात आल्यावर तिथल्या काकूंनी त्यांना चहा करायला शिकवायचं मनावर घेतलं. दादांना एकेक गोष्ट शंभरदा करावी लागते. गॅस पेटवायलाच आठ महिने गेले, आणि सगळं मिळून दोन वर्षं. काकूंची रीत एकच होती. दादा ओट्याशी उभे राहिले की त्या मागे दोन पावलांवर उभ्या राहायच्या आणि आपले हात पाठीमागे घट्ट बांधून घ्यायच्या. कारण हात मोकळे असले की ते पुढे जातात, आणि ते पुढे गेले की दादांचे थांबतात.

"पहिल्या वर्षी मनगट भाजलं होतं," बाई म्हणाल्या. "डाग दाखवला मला, शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा. आता रोज दुपारी साडेतीनला पाच कप चहा. आणि प्रत्येकाला कप देताना म्हणतात, गरम आहे. दुसरे शब्द फारसे नाहीतच त्यांच्याकडे. गरम आहे, आणि विचाराल त्याला हो."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मी फाईल चाळल्यासारखं केलं.

त्या दिवशी समासात लिहिलं होतं : 'दादा स्वतः गॅस पेटवून चहा करतात. पहिल्या वर्षी मनगट भाजलं होतं. काकू हात मागे बांधून उभ्या राहतात, मध्ये पडत नाहीत. अशी मदत मी आजवर दुसऱ्या घरात पाहिली नाही. इतरांना शिकवावी.'

आणि माझ्यातला शहाणा जागा झाला. म्हटलं, बावीस वर्षांत एकदा तरी बाईंचं समासातलं वर पोचवू या. बेचाळीस प्रश्नांत वाक्य लिहायला जागा देणारा प्रश्न एकच होता, सतरावा. 'इजा झाली का?' तिथे 'हो' भरलं, तरच खाली तपशिलाचा चौकोन उघडतो. मी 'हो' भरलं. चौकोन उघडला. मी टाइप करत गेलो आणि 'मध्ये पडत नाहीत' इथे तो भरला. पुढचं एक अक्षर घेईना. मी क्षणभर थांबलो. मग म्हटलं, काहीच नाही त्यापेक्षा एवढं तरी गेलं. बटण दाबलं आणि चहा प्यायला गेलो.

तीन आठवड्यांनी साहेबांचा हुकूम निघाला. त्या घराच्या स्वयंपाकघराला जाळीचं दार बसवावं, कुलूप लावावं, किल्ली कर्मचाऱ्याच्या कमरेला असावी. रहिवासी भाजत असताना हात बांधून उभं राहिल्याबद्दल काकूंना लेखी ताकीद. पुन्हा असं झाल्यास घर बंद करून चौघांना मोठ्या संस्थेत हलवण्यात येईल.

बाई कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "हे काय आहे हो?"

मी सगळं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेब काही वाईट माणूस नाही. त्यांनी बसायला सांगितलं, मूळ फॉर्म शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून पुसला.

"बाई, मला पटतं. पण आता नोंद झालीय. भाजलं, हे कागदावर आलंय. उद्या तिथे खरंच काही पेटलं, तर मी काय सांगू? की समासात कौतुक होतं?"

"दोन वर्षांत एकदा भाजलं, साहेब. माझं घरी महिन्यातून दोनदा भाजतं."

"तुमचा फॉर्म कुणी भरत नाही, बाई." मग हळूच म्हणाले, "तुम्ही लिहून देता का, की पुन्हा कधीच भाजणार नाही?"

बाई खरं लिहिणाऱ्या. असं कोण लिहून देणार? त्यांनी टेबलावरचा फॉर्म उचलला. मग उठल्या. त्यानंतर त्यांनी वर तीन पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं : पत्र मिळालं.

तीन महिन्यांनी फेरतपासणी लागली. बाईंच्या निवृत्तीला तेव्हा आठवडा उरला होता. मी म्हटलं, मी येतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या. पण बोलू नका."

घर साध्या गल्लीतलं, तळमजल्यावरचं. दाराशी चार जोड चपला ओळीनं. काकू बारीक अंगाच्या, केस पिकलेल्या. बाईंना पाहून त्या हसल्या नाहीत. "बाई, तुम्ही लिहिलंत तरी काय हो आमच्याबद्दल?" एवढंच म्हणाल्या. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर ते खरंच होतं. पण त्या म्हणाल्या, "चुकलं माझं." माझी मान वर होईना.

दादा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. बाईंनी त्यांच्यासमोर स्टूल ओढून फॉर्म काढला.

"दादा, इथे बरं वाटतं?"

"हो."

"काही हवंय?"

"हो."

"काय हवंय?"

"हो."

ब्रश ओले होते. चादरी धुतलेल्या, औषधं डब्यात, नखं कापलेली. स्वयंपाकघराला हिरव्या रंगाची जाळी, तिला पितळी कुलूप, रंगाचा वास अजून जात नव्हता. बाई एकेका प्रश्नापुढे मार्क लिहीत गेल्या, कारण प्रत्येक मार्क खरा होता.

साडेतीन वाजले. घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही, पण दादा उठले. जाळीपाशी जाऊन थांबले. काकूंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. नियमच तसा आहे. गॅस पेटल्याचा आवाज आला.

जाळीच्या बाहेर, बरोबर दोन पावलांवर, दादा उभे होते. त्यांनी आपले हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले होते. मनगटावरचा डाग मला मागून दिसत होता.

काकूंनी जाळीतूनच सांगितलं, "मी नाही हो शिकवलं त्याला. दोन वर्षं मला तसं उभं राहताना बघितलंय ना. त्याला वाटतंय, आता मी शिकतेय." पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "चहा नीट झाला, की मला शाबास म्हणतो. हा शब्द मीच दिला त्याला."

कप आले. काकूंनी दिले. दादांचा कप कोमट होता, तोही आता नियमच आहे. आम्हा दोघांचे चांगलेच कढत होते. दादा काकूंकडे वळून म्हणाले, "शाबास."

परतताना बाई बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या. उतरताना त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला. आधी त्या घराला शंभरांत एकसष्ट मार्क होते, आता चौऱ्याण्णव झाले होते. समास कोरा होता. बाईंच्या फॉर्मचा कोरा समास मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी तो भरायला घेतला. सतराव्या प्रश्नाशी आलो, तेव्हा समोरच्या टेबलावर बाई आपला खण रिकामा करत होत्या. इजा झाली का? बाईंनी लिहिलं होतं, नाही. मी तसंच भरलं, आणि तपशिलाचा चौकोन उघडायची वाट पाहत बसलो. मग लक्षात आलं, 'नाही' भरलं की तो उघडत नाही.