दाजींचा कोरडा बोअर

बुडत चाललेला धंदा पुरता बुडवण्यासाठी स्वखर्चानं वेबसाइट काढणारा पाणाड्या अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच झाला, आणि ते नेमके आमचे दाजी निघाले. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी रान तुडवायचं आणि नारळ उभा राहील तिथं बोअर मारायला सांगायचं, हा त्यांचा उद्योग. माझा त्या नारळावर काडीचा विश्वास नाही. आमच्या खानदानात बी.एस्सी. झालेला पहिला माणूस मी, आणि हे मी त्यांना जेवताना तोंडावर सांगितलेलं आहे. ‘बराबर हाय, पाव्हणे,’ म्हणून ते पुढचा घास मोडत.

दाजींना काहीही घेताना दहा जणांना विचारायची खोड. तुरीचं बियाणं घ्यायचं तरी एसटीत शेजारी बसलेल्याला वाण विचारणार. वेबसाइट बनवून घ्यायला आम्ही गेलो त्या जुन्या जालन्यातल्या इंटरनेट कॅफेतही त्यांनी तसंच विचारलं, ‘व्हिडिओला एव्हीआय चांगलं का एमपीईजी? सध्या कोणतं जास्त चालून राह्यलं?’ शेजारी चॅटिंग करणाऱ्या पोरांचंही मत घेतलं.

व्हिडिओ दोन होते, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं काढलेले. एकात बोअरला पाणी लागलेलं. सवयीनं त्यानं पाण्याचा फवारा बदामाच्या आकारातून उडवला होता. दुसरा बोअर कोरडा. नुसती दगडाची भुकटी, आणि शेवटी गाडीवाले पाइप काढून चालते झालेले. दाजींना दोन्ही टाकायचे होते, अख्खे.

‘काका, वेबसाइटला जागाच वीस एमबी,’ कॅफेवाला म्हणाला. ‘पाण्याचा तेवढा तुकडा टाका, झकास दिसंल. दोन्ही कोंबले तर चित्र काडेपेटीएवढं होईल.’

‘दाजी, कोरडा कशाला दाखवता?’ मी म्हणालो. ‘दोन बोअर फेल गेले तवापासून आपल्या वाटूर गावात तुम्हाला कुणी बोलवत न्हाई.’

‘म्हून तर! निवडून दाखवलं तर मी खोटा. बोलावणाऱ्याला कळाया पाहिजे, दोन्ही होतं. बारीक करा, पण कापू नका.’

मग डब्ल्यूएमव्ही नावाच्या कमी जागेच्या प्रकारात करून, दाबून दाबून दोन्ही बसवले. पाणी कोणतं आणि भुकटी कोणती, हे कॅफेवाल्यालाही सांगता येईना. मी कपाळावर हात मारला. दाजी मात्र पडद्याला नाक लावून खुशीत म्हणाले, ‘बिलकुल बराबर आलंय. वरून तरी कुठं कळतं!’

वर्षभर एक फोन आला नाही. मी टोमणे मारणं सोडलं, कारण दाजी त्यावर हसेनासे झाले होते. मग एका उन्हाळ्यात बदनापूरकडच्या एका अनोळखी शेतकऱ्यानं फोन केला. त्याच्या पोरानं त्याला व्हिडिओ आणि त्याखाली दाजींनी लिहवून घेतलेलं ‘एक लागला, एक फेल’ दाखवलं होतं. ‘तुमी फेल गेलेला बी दाखवला,’ तो म्हणाला, ‘म्हून तुमालाच बोलावतो.’

दाजी मला सोबत घेऊन गेले. भर दुपारी तापलेल्या ढेकळांतून ते मान खाली घालून चालत होते. अर्धं रान संपलं तरी नारळ आडवाच. त्यांनी सदऱ्याला तळहात पुसला, नारळ पुन्हा आडवा ठेवला आणि चालत राहिले. मी बूट काढून हातात घेतले आणि मागं मागं चालू लागलो. पाय भाजत होते, आणि मी मनातल्या मनात त्या नारळाला म्हणत होतो, उभा राहा रे लेका, आता तरी उभा राहा.