पान उलटण्याआधी

फादर बस्त्याव गेल्याचा फोन आला तेव्हा मी चेन्नईत टी. नगरच्या बाजारात चर्चच्या वेदीसाठी पांढरं कापड घेत होतो. ऐकल्यावर आधी सुटल्यासारखं वाटलं... दुःख नंतर आलं. हे आजवर कुणाला बोललो नव्हतो.

आम्ही दोघं वसईचे. चेन्नईच्या सेमिनरीत आम्ही होऊ घातलेल्या धर्मगुरूंना शिकवायचो; तिथे मराठी बोलायला एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. विद्येने ते कितीतरी मोठे, तरी आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून त्यांनी मला निवडलं. "विद्वानाने विद्वानाकडे जाऊ नये रे, दोघं चर्चाच करत बसतात," म्हणायचे. एका विद्वान पोपच्या लेखनावर ते अनेक वर्षं ग्रंथ लिहीत होते. त्याच पोपना मी एकदा प्रवचनात सिद्धान्तांचा कडक पहारेकरी म्हटलं. दुपारी जेवताना सगळ्यांदेखत फादर म्हणाले, "तू त्याला उभ्या उभ्या वाचलंस. गुडघे टेकून वाच. लाजाळू माणूस तो. पुस्तकांत म्हातारं व्हायचं होतं त्याला. पोपची खुर्ची मिळाली, तर नाही न म्हणता बसला." सगळे हसले. मीही हसलो.

लगेच ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू झाला; त्यात आवडीचं काहीतरी सोडायचं, आणि मार्गदर्शक सांगेल ते पाळायचं. व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "यंदा काय सोडू?"

"पुस्तकं."

त्यांचा चेहरा उतरला. मला ते आवडलं.

"कधीपर्यंत?"

"मी सांगेन तोवर."

पापनिवेदनात ऐकलेलं आम्हाला कुठे सांगता येत नाही; हे तिथे घडलं नाही, म्हणून लिहिता येतंय. ईस्टरच्या आधीच माझी शहरातल्याच एग्मोरच्या चर्चमध्ये बदली झाली आणि मी ते साफ विसरलो. पुढे कानावर यायचं, फादरांचा ग्रंथ थांबलाय, वय झालं आता.

ते चेन्नईतच तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत, निवृत्त धर्मगुरूंच्या घरी राहायला गेले. गेल्या वर्षी मी भेटायला गेलो, तेव्हा तिथली स्वयंपाकीण सेल्वी जिन्यातच तमिळमध्ये हळूच म्हणाली (फादरांना ती सामी म्हणायची), "सामी पुस्तक उघडत नाहीत. पण वाचतात."

वर फादर टेबलाशी बसले होते. समोर पोपचं पुस्तक, मिटलेलं. त्यांची नजर कव्हरवरून डावीकडून उजवीकडे सरकत होती, ओळ संपली की खालच्या ओळीवर उतरत होती. खिडकी बंद होती, पंखाही बंद. तरी मला कागदाची सळसळ ऐकू आली... स्पष्ट.

"ईस्टर झाला का रे?" त्यांनी विचारलं.

"कधीच झाला, फादर."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मग काही सांगायला आलास?"

"नाही, सहजच."

"बरं," म्हणाले, आणि नजर परत कव्हरवर गेली.

जिना उतरताना मला आठवलं, पुस्तकांची बंदी मी उठवलीच नव्हती. वर जाऊन दोनच शब्द बोलायचे होते. पण सेल्वी खाली उभी होती, आणि परत का फिरलात म्हणून तिने विचारलं असतं तर... मी रस्त्यावर आलो. पुढच्या भेटीत सांगू, असं वर्षभर म्हणत राहिलो.

त्यांना पुरून आल्यावर मी त्या खोलीत गेलो आणि मोठ्याने म्हणालो, "फादर, आता वाचा." क्षमा मागायची रीत मी रोज लोकांना शिकवतो. स्वतःला मात्र ती रिकाम्या खुर्चीपुढेच जमली.

आता दर रविवारी संध्याकाळी मी तिथे जातो आणि ते पुस्तक उघडून वाचतो, मनातल्या मनात. पान संपलं की लगेच उलटत नाही, थांबतो. त्यांना माझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यांचं वाचून झालं की मला कळतं.